मागचं फाटक

तो ‘म’वर अडकला तेव्हा मी बांबूच्या अलीकडे उभी होते आणि माझा श्वास माझ्या आधी थांबला. “फाटक म... म... म...” एवढंच ऐकू येत होतं. गवत कमरेएवढं वाढलेलं, त्यामुळे बोलणारा दिसत नव्हता. पर्सची चेन मी अर्धी ओढली होती, ती तशीच राहिली. आमच्या घरी असंच व्हायचं. बाबा एखाद्या अक्षरावर अडकले की आईचा पिठातला हात थांबायचा, मी चालू नळ बंद करायचे, आणि घरातला सगळा आवाज त्या एका शब्दाला वाट देऊन बाजूला उभा राहायचा. आईचा दंडकच होता: यांचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. शब्द माहीत असला तरी नाही, घाई असली तरी नाही. एकदा कुणा पाहुण्याने मदत म्हणून बाबांच्या तोंडचा शब्द उचलला, तर आई त्याच्यासमोरची चहाची कपबशी उचलून आत घेऊन गेली होती. तर मी थांबले. गवतापलीकडून दुसरा आवाज आला, “मागे घ्यायचं ना साहेब? मागच्या गल्लीकडे? कळलं, कळलं.” आणि तरीही पहिल्या आवाजाने आपला शब्द सोडला नाही, “मा... मागे,” असं तो स्वतः म्हणालाच. बाबाही असेच हट्टी होते. मला त्या अनोळखी माणसाबद्दल इतकी माया वाटली की त्याला बघायला मी गवत बाजूला केलं, आणि तिथे फूटपट्टी उभा होता.

फूटपट्टी हे त्याचं आमच्या घरातलं नाव. खरं नाव आम्ही कधी उच्चारलंच नाही. घरात कुणी खोटं बोललं, वजनात मारलं, कुणाच्या पाठीवरून हात फिरवून खिसा कापला, की आई म्हणायची, “अगदी फूटपट्टी आहे मेला.” आता तो म्हातारा झाला होता. झटका येऊन गेलेला असणार. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती, डावा हात कोटाच्या खिशात खोचून ठेवला होता, उजव्या हातात काठी. त्या काठीनेच तो फक्की मारणाऱ्या मजुराला दाखवत होता. पुढच्या बाजूला, शाळेच्या रस्त्यावर उघडणाऱ्या फाटकाची चुन्याची रेघ मजुराने पायाने पुसून टाकली होती आणि मागच्या गल्लीकडे नवी, ओली पांढरी रेघ पडत होती. चारी कोपऱ्यांना बांबू रोवून त्यांना नारिंगी चिंध्या बांधलेल्या होत्या. हा आमच्याकडचा रिवाज: इमारत केवढी होणार ते लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून सुनावणीच्या आधी असा बांबूंचा सांगाडा उभा करतात. इथे रस्तेदुरुस्तीचा डेपो होणार होता. डांबराच्या गाड्या, रोलर, झाडणारी यंत्रं, दिव्यांच्या खांबांची शिडीगाडी, सगळं एका छपराखाली. त्या प्रस्तावाची छाननी करणाऱ्या समितीची मी अध्यक्ष होते, आणि त्या रविवारी जागा बघायला एकटीच आले होते. बाकीचे दोघे सदस्य आदल्या दिवशीच येऊन गेले होते, म्हणजे पुढचं फाटक बघून गेले होते. फूटपट्टीने मला पाहिलं. ओळखलं नाही. मी गवत सोडून दिलं. फक्कीवाला मात्र हात झटकत माझ्यामागे आला आणि उत्साहाने सांगायला लागला, “बाई, ह्या कोपऱ्यात न्हाणीघर व्हायचंय आमचं. गरम पाण्याचं. आत्ता पुलाखाली डिझेलने हात धुतो आम्ही, पोरगं जवळ येत नाही वासाने.” त्याने दाखवलेल्या कोपऱ्यात, त्याच बांबूच्या बुडाशी, बाबांचं कलमांचं छप्पर होतं.

ही जागा बाबांची रोपवाटिका होती. आता तिथे काय होतं ते सांगायला माझ्याशिवाय आणि आईशिवाय कुणी नाही. ओल्या गोणपाटांचा वास, पत्र्याच्या डब्यांतली रोपं, आणि बाबांच्या हातातला तो बोटभर चाकू. गुलाबाला डोळा भरायचे ते. सालीत चीर द्यायची, दुसऱ्या झाडाचा डोळा त्यात बसवायचा, पट्टी गुंडाळायची आणि मग हात लावायचा नाही. “व... वाट बघायची,” असं ते मला प्रत्येक वेळी सांगायचे, जणू मी पहिल्यांदाच ऐकते आहे. त्यांचा धंदाच वाट बघण्याचा होता, म्हणून असेल, स्वतःच्या शब्दांचीही ते शांतपणे वाट बघत. एक मात्र होतं. शिव्या देताना ते कधीही अडकत नसत. गोगलगाईंना ते अशा सडसडीत शिव्या घालायचे की शेजारची बाई खिडकी लावून घ्यायची. त्या जागेवरून रस्ता जाणार असं कळलं आणि सुनावणीचं बोलावणं आलं, तेव्हा आई म्हणाली होती, “तिथे जाऊन सरळ शिव्याच द्या. निदान पुऱ्या तरी होतील.” आम्ही तिघंही खूप हसलो होतो. त्यानंतर तिघं मिळून असे कधी हसलो ते मला आठवत नाही.

बाबांनी बोलायचं सगळं पाठ केलं होतं. रात्री जेवण झालं की आई समोर बसायची आणि ते म्हणून दाखवायचे. आईला ते इतकं पाठ झालं की ती भांडी घासताना पुटपुटायची. सुनावणीच्या दालनात फूटपट्टी आधी उभा राहिला, रस्ता आखणारा नगरपालिकेचा इंजिनियर म्हणून. तेव्हा तो तरुण होता, केस चप्प बसवलेले, आणि आवाज असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरावी. भिंतीवरच्या नकाशावर आमच्या जागेच्या ठिकाणी कोरा कागद होता. त्यावर त्याने लाकडी फूटपट्टीने दोनदा टकटक केली आणि म्हणाला, “ही जागा रिकामी आहे.” रिकामी! आदल्याच आठवड्यात तो येऊन बाबांकडून कुंडी घेऊन गेला होता, बायकोला गुलाब आवडतात म्हणून. मग बाबांचं नाव पुकारलं. बाबा उठले, टोपी काढली आणि ‘अध्यक्षमहोदय’वर अडकले. सुरुवात ‘अध्यक्षमहोदय’ या शब्दानेच करायची हे त्यांच्या मनाने घेतलं होतं, कुणी सांगितलं नव्हतं. अ... अ... अ... दालन आधी गप्प झालं, मग खोकलं, मग मागच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या शेजारी आई बसली होती. तिला पुढचं अख्खं भाषण येत होतं, छप्पर किती, रोपं किती, कलमांना किती वर्षं लागली, सगळं. तिचे ओठ हलताना मी पाहिले. पण आवाज तिने काढला नाही, कारण यांचं वाक्य कुणी पुरं करायचं नाही. जगात दुसऱ्या कुठल्याही बाईने नवऱ्याला हाताला धरून खाली बसवलं असतं आणि स्वतः उभी राहून तोंड सोडलं असतं. माझी आई मान राखत बसली. टेबलावरच्या बेलवर अध्यक्षांनी टिचकी मारली. “वेळ संपली. पुढचे.” फूटपट्टी तेव्हा नकाशाची गुंडाळी करत होता, त्याने मान वर करूनही पाहिलं नाही. तो नुसता एकदा हसला असता तरी मला त्याला माणूस म्हणता आलं असतं.

जागा गेली. रस्ता काही झाला नाही. तो कागदावरून खाली उतरलाच नाही. रोपं ट्रॉलीत भरून नेली, छप्पर पाडलं, आणि मग इतकी वर्षं तिथे गवत वाढत राहिलं, म्हणजे फूटपट्टीचं म्हणणं अखेर खरं झालं. बाबा एका खतांच्या दुकानात गोदामावर लागले. ते आजारी पडले नाहीत, दारू प्यायले नाहीत, तसलं काही झालं नाही. त्यांनी फक्त वाक्याला सुरुवात करणं सोडून दिलं. ‘हो’ म्हणायचे, ‘असू दे’ म्हणायचे. आई त्यांच्यासमोर ताट ठेवून थांबायची, ते आत्ता काही बोलतील, आत्ता बोलतील, आणि मी नळ बंद करून थांबायचे, पण ज्याची वाट बघायची ते अक्षरच यायचं बंद झालं. शिव्यासुद्धा गेल्या. गेले तेही एका दुपारी असे गुपचूप, की आई बराच वेळ ते बोलतील म्हणून उशाशी बसून होती. मी नगररचना शिकले ते लोकांसाठी सुंदर शहरं बांधावीत म्हणून नाही. मुलाखतीत तसं सांगितलं खरं. मला त्या टेबलाच्या पलीकडे बसायचं होतं, जिकडे बेल असते. सापाने डूख धरावा तसा मी तो अभ्यास केला, आणि डूख धरणाऱ्याला पहिल्या वर्गात पास होणं अजिबात कठीण जात नाही. समितीवर आले तेव्हा कपाटात एक पितळी बेल सापडली. तीच होती की दुसरी, देव जाणे. मी ती तीच मानली आणि चिंचेने घासून लख्ख केली. गंमत म्हणजे माझी ख्याती अशी की या बाई बेलवर हात ठेवतात, पण दाबत नाहीत. कुणीही अडखळो, रडो, भरकटो, मी बोलू द्यायचे. लोक मला दयाळू समजायचे. मी ती बेल एका माणसासाठी जपून ठेवली होती.

नियमाप्रमाणे मी या सुनावणीतून बाजूला व्हायला हवं होतं का? मी विचारलं स्वतःला, अगदी रीतसर विचारलं. नियम म्हणतो, जागेत हितसंबंध असलेल्याने बसू नये. आमचा कसला हितसंबंध? जे ओरबाडून नेलं त्यात हित कुठलं आणि संबंध कुठला. तो आठवडा मी फार सुखात काढला, हे लपवण्यात अर्थ नाही. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मला मध्येच फूटपट्टीचं ओघळलेलं तोंड आठवायचं आणि अंगात गोड ऊब भरायची. माणूस अडखळतो म्हणून आनंद व्हावा, तोही माझ्यासारखीला! बाबांची शपथ घेऊन सांगते, लाज वाटली नाही. वाटलं, देवाने इतकी वर्षं लावली, पण काम चोख केलं. ज्या अक्षरांनी बाबांना खाल्लं तीच आता याच्या जिभेवर बसली आहेत, आणि बेल माझ्याकडे. सुनावणीच्या सकाळी आईला सांगितलं. ती आता खुर्चीतून फारशी उठत नाही, पण कान शाबूत आहेत.

“आज फूटपट्टी येणार आहे माझ्यासमोर.”

“जिवंत आहे अजून?”

“आपल्याच जागेवर डेपो बांधायचाय त्याला. त्याचं शेवटचं काम. यंदा रिटायर होतोय.” मग मी म्हटलं, “झटका आलाय. बोलताना अडकतो.”

आईने मांडीवरची शाल सारखी केली. मला वाटलं, आता म्हणेल, बोलू दे हो बिचाऱ्याला, सगळ्यांचं सारखंच. म्हातारी माणसं असलं काहीतरी म्हणतात. आई म्हणाली, “ती बेल वाजते ना नीट? बघून ठेव.”

दालनात माझ्या एका बाजूला औषधवाले होते आणि दुसऱ्या बाजूला निवृत्त हेडबाई, समितीचे बाकीचे दोघे. मागच्या बाकावर पाच-सहा मजूर धुतलेले सदरे घालून बसले होते, त्यांच्यात तो फक्कीवाला. आधी शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने हरकत मांडली. हरकत एकच होती आणि खरी होती: डेपोचं फाटक शाळेच्या रस्त्यावर उघडणार, सकाळी पोरांची गर्दी, त्यात डांबराचे ट्रक. “एखादं मूल चाकाखाली गेल्यावर जागे होणार का तुम्ही?” हेडबाईंनी जोरात मान हलवली. त्या शाळेतच हयात गेलेली त्यांची. औषधवाले माझ्या कानाशी म्हणाले, “एवढं फाटकाचं सोडलं तर बाकी झकास आहे हो. पण फाटकाचं काय?” फाटकाचं काय ते मला माहीत होतं. ओल्या चुन्याची ती नवी रेघ मी डोळ्यांनी पाहिली होती. फूटपट्टीने रविवारी जागेवर उभं राहून स्वतःची चूक पायाने पुसायला लावली होती, आणि ते सांगायला तो आता उठत होता. नकाशा अजून जुनाच लागलेला, कारण बदल तोंडी सांगितला तरी आम्ही धरतो. अट एवढीच की बोलणाऱ्याने आपल्या वेळेत सांगितला पाहिजे.

त्याच्याबरोबर एक ज्युनियर इंजिनियर उठला. चुणचुणीत पोरगा, हातात गुंडाळ्या. फूटपट्टी म्हणाला, “अ... अध्य...” आणि पोरगा लगेच, “अध्यक्ष मॅडम आणि सदस्य.” फूटपट्टी म्हणाला, “हा डे... डे...” आणि पोरगा, “डेपो म्हणजे शहराची गरज आहे, साहेबांना असं म्हणायचंय की...”

“तुम्ही खाली बसा,” मी म्हणाले.

“मॅडम, साहेबांना जरा त्रास...”

“निवेदन ज्याच्या नावावर आहे त्यानेच करायचं. साहेब बोलतील. आम्ही ऐकतोय. मधे कुणीही बोलायचं नाही.” शेवटचं वाक्य मी दालनाकडे बघून म्हणाले आणि त्यात आईचा आवाज निघाला, अगदी तसाच. पोरगा बसला. दालन गप्प झालं. फूटपट्टीने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काहीतरी होतं, मी ते भीती म्हणून घेतलं आणि मिटक्या मारत घेतलं. मग तो बोलायला लागला. पुलाखालच्या जुन्या डेपोबद्दल बोलला. पाणी तुंबतं, त्याबद्दल. न्हाणीघराबद्दल बोलताना ‘गरम’ शब्दाला इतका वेळ लागला की मागच्या बाकावरचे मजूर पुढे वाकले, जणू गाडी ढकलायला. कुणी हसलं नाही. याचा मला राग आला; बाबांना हसले होते. माझं बोट बेलवर होतं आणि पितळ हळूहळू गरम होत होतं. शेवटी तो वळला, काठी नकाशावर ठेवली, शाळेच्या रस्त्यावर, आणि म्हणाला, “फाटक... म... म...”

मागे. मागच्या गल्लीकडे. तो शब्द माझ्या तोंडात तयार होता, ओठांच्या आतल्या बाजूला, आणि माझे ओठ हलले असतील. त्या क्षणी मला आई दिसली, त्याच दालनात, त्याच बाकावर, अख्खं भाषण तोंडात धरून बसलेली. तिचं मौन आणि माझं मौन बाहेरून बघणाऱ्याला एकच दिसलं असतं. तिने ते मायेने धरलं होतं. माझ्याकडे माया नव्हती, आणि मला तिची गरजही वाटली नाही. “म... म... म...” घड्याळाचा काटा रेषेवर आला. मी बेल दाबली. आवाज स्वच्छ आला, चिंचेने घासल्याचं चीज झालं.

“वेळ संपली. पुढचे.”

हेडबाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. मी कधी बेल दाबत नाही. ज्युनियर ताडकन उठला, “मॅडम, फाटक साहेबांनी...” मी पुन्हा बेल दाबली. “वेळेनंतरचं आम्ही धरत नाही, तुम्हाला माहीत आहे.” औषधवाल्यांनी सुस्कारा सोडला. हेडबाई म्हणाल्या, पोरांच्या जिवाशी खेळ नको. दोघांनीही नाही म्हटलं. मला मत द्यायचीसुद्धा वेळ आली नाही. इतकं सोपं असतं हे, नुसतं गप्प बसावं लागतं. प्रस्ताव फेटाळला. मागच्या बाकावरचे मजूर उठले, फक्कीवाल्याने जाताना माझ्याकडे पाहिलं, रविवारी ओली रेघ माझ्या डोळ्यांसमोर मारली होती त्याने. मी कागद आवरू लागले. मला वाटलं होतं आत काहीतरी फुटेल, वाहील, मोकळं वाटेल. उट्टं निघालं की माणूस काय करतो? मी पेनाचं टोपण शोधत होते.

बाहेर व्हरांड्यात जिन्याशी तो मला गाठायला उभा होता. ज्युनियर मागे, गुंडाळ्या छातीशी धरून, माझ्याकडे खाऊ की गिळू बघत. मी मनात तयारी केली. त्याने ओळखलं असेल तर उत्तमच, म्हणेल काहीतरी, आणि मग मीही म्हणेन. ते वाक्य माझ्याकडे लहानपणापासून तयार होतं. तो काठीवर भार टाकून पुढे आला.

“म... मॅडम. झटक्यापासून... सगळे माझं... बोलणं पु... पुरं करतात.” ज्युनियरने तोंड उघडलं, मिटलं. “बायको. मुलगा. हा. कुणी... थां... थांबत नाही. चुकीचं पुरं करतात, मी... हो म्हणतो.” ओघळलेल्या बाजूने लाळ आली, ती त्याने कोटाच्या बाहीने पुसली. “आज तुम्ही... थांबलात. डे... डेपो गेला. जाऊ दे. पण मला... बोलू दिलंत. वर्षभरात... प... पहिल्यांदा.” आणि त्याने काठीसकट हात जोडल्यासारखा वर केला.

त्याने मला ओळखलं नव्हतं. त्याच्या डोक्यात बाबा नव्हते, कुंडी नव्हती, बायकोचे गुलाब नव्हते, तिथे तो कोरा कागद तसाच होता. आणि जे मी इतकी वर्षं दात धरून जपलं, ते त्याने दया समजून घेतलं आणि वर आभार मानले. नाही, हे असं न्यायचं नाही त्याने. त्याला कळलंच पाहिजे. मी एक पाऊल पुढे टाकून त्याच्या अगदी समोर उभी राहिले आणि ते वाक्य बाहेर काढलं. ती जागा रिकामी नव्हती, ती माझ्या वडिलांची होती. एवढंच. लहान मूलही म्हणेल.

“माझ्या व...” मी म्हणाले. “माझ्या व... व...”

“वरिष्ठांशी बोलणार का मॅडम तुम्ही?” ज्युनियर आशेने म्हणाला. फूटपट्टीने काठी उचलून त्याच्या छातीवर आडवी धरली. “थांब,” तो म्हणाला, एकदाही न अडकता. आणि माझ्याकडे वळला. तोंड वाकडं होतं, पण डोळे सरळ होते आणि त्यांना कसलीही घाई नव्हती. असं बघणारी माणसं मी आयुष्यात दोनच पाहिली होती, एक घरी खुर्चीत बसून माझी वाट बघत होती. जिन्यावरून माणसं उतरत होती, खाली कुणीतरी गाडी सुरू केली, मजुरांचा घोळका फाटकाबाहेर पडला. मी तोंड उघडं टाकून उभी होते, ‘व’ ओठांवर तसाच, आणि फूटपट्टी थांबला होता, हवा तितका वेळ थांबायला तयार होता. कुणीतरी आता बेल वाजवायला हवी होती.